गुळाने कोळशाची धूळ निघत नाही, मामा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसचे माझे मामा कोळशाच्या सायडिंगवर, म्हणजे जिथे कोळशाचे ढीग उतरवतात-भरतात त्या रेल्वेच्या बाजूच्या रुळांवर, लोडर चालवतात. परवा त्यांनी घरच्या ग्रुपवर सगळीकडे फिरणारा एक मेसेज टाकला, तो असा: कोळशाची धूळ जड असते, कुंपणाबाहेर जात नाही; सकाळी एकदा टँकरने पाणी मारलं की दिवसभर बघायला नको; भोवती पत्रे ठोकले की झालं; आणि रोज गुळाचा खडा खाल्ला की फुफ्फुसं साफ, शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. खाली मामांनी लिहिलं होतं, 'म्हणून आम्ही मास्क लावत नाही.' डोकंच सणकलं.

आधी गूळ, कारण जीव त्यात अडकलाय. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राचा १९९४ सालचा अभ्यास खरा आहे, एवढं कबूल. धुळीत काम करणाऱ्यांना गुळाचा उपयोग होऊ शकेल, अशी शक्यताही त्यात मांडली आहे. पण प्रयोग झाला उंदरांवर. त्यांच्या श्वासनलिकेतून धूळ आत सोडली आणि काहींना गूळ दिला. गूळ खाल्लेल्यांच्या फुफ्फुसातले कण जास्त सरकले, पण ते गेले शेजारच्या लसिका ग्रंथींत, म्हणजे शरीरातल्याच गाळण्यांसारख्या गाठींत. अंगाबाहेर नव्हे! पाळीभर धूळ ओढणाऱ्या माणसाने मास्क काढून ठेवावा, असं त्यात कुठेही नाही. आणि कोळशाच्या धुळीने फुफ्फुसात एकदा व्रण धरले की ते भरून काढणारं औषध आजही नाही.

धूळ जड असते म्हणे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा 'एपी-४२' हा दस्तऐवज सांगतो की ताशी १६ किलोमीटर वाऱ्यात १०० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण ६ ते ९ मीटरांत खाली बसतात. १० मायक्रॉनच्या आतले मात्र तरंगत लांब जातात, आणि छातीत उतरतात ते हेच.

पत्र्यांबद्दल काय बोलायचं? ढीग पत्र्यांच्या वर गेला की माथ्यावर वारा मोकळाच.

पाण्याचं अर्धं खरं आहे. भिजून वाळलेल्या ढिगावर पापुद्रा धरतो आणि हात न लावलेला ढीग साध्या वाऱ्यात फारसा उडत नाही. 'एपी-४२'मधल्या चाचण्यांत जमिनीपासून ७ मीटरवर वारा सेकंदाला १० मीटरच्या, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या वर गेल्यावरच कोळशाचे ढीग उडू लागले. पण सायडिंगवरचा ढीग हात न लावता राहतो कधी? मामांच्या लोडरची बादली दर खेपेला तो पापुद्रा फोडते, आतली कोरडी चुरी उघडी पडते. बादली टिप्परवर उंचावरून उलटली की काळा लोट उठतो, त्याला वादळी वारा लागत नाही. त्यात मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन. सकाळचं पाणी दुपारपर्यंत कुठलं टिकायला?

तेव्हा मामा, तो मेसेज आधी काढा. ठेकेदाराकडे मागायचं ते हे: जिथे बादली घुसते तिथेच दिवसभर फवारा, बादली टिप्परच्या हौद्याला लागून खाली आणून रिकामी करायची मुभा, न हलणाऱ्या ढिगांवर ताडपत्री, आणि पाळीवरच्या प्रत्येकाला एन-९५ मास्क. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यातून बारीक धूळ आरपार जाते.