भागाकाराने गेलेले विजेतेपद

वेल्समधल्या कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबचा विषय निघाला की बोलणे हटकून १९२७ वर येऊन थांबते, आणि ते स्वाभाविकही आहे. २३ एप्रिल १९२७ रोजी वेम्बलीवर आर्सेनलला १-० असे हरवून या वेल्श क्लबने एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा करंडक, इंग्लंडबाहेर नेला आणि त्यानंतर आजवर दुसऱ्या कोणालाही ते जमलेले नाही. त्याआधी स्कॉटलंडच्या क्वीन्स पार्कने १८८४ आणि १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे अंतिम सामना गाठला होता, पण दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सने त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. विक्रम मोठाच आहे. तरीही माझे मत असे की या क्लबने सर्वांत मोठी कामगिरी केली ती १९२४ साली, ज्या वर्षी त्याच्या कपाटात लीगचा करंडक आला नाही. हे बऱ्याच जणांना पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

त्यासाठी क्लब कुठून निघाला होता ते आधी पाहावे लागते. १८९९ मध्ये कार्डिफच्या रिव्हरसाइड क्रिकेट क्लबच्या मंडळींना हिवाळ्यात एकत्र येण्यासाठी काहीतरी निमित्त हवे होते, म्हणून बार्टली विल्सन नावाच्या शिळाछापाच्या कारागिराने फुटबॉलचा संघ जमवला. (क्रिकेटवाल्यांनी थंडीत वेळ घालवायला काढलेला संघ, ही गोष्ट मराठी वाचकाला आवडायला हरकत नाही.) १९०५ मध्ये कार्डिफला शहराचा दर्जा मिळाला, १९०८ मध्ये क्लबला ‘सिटी’ हे नाव लावण्याची परवानगी मिळाली, आणि १९१० मध्ये एका जुन्या कचराभूमीवर निनियन पार्क हे मैदान उभे राहिले. ज्या लॉर्ड निनियन क्रिक्टन-स्टुअर्ट यांनी त्यासाठी हमी दिली आणि ज्यांचे नाव मैदानाला लाभले, ते १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारले गेले. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे साखळी स्पर्धेत, या क्लबला प्रवेश मिळाला तो १९२० मध्ये, तोही थेट दुसऱ्या श्रेणीत. पहिल्याच हंगामात त्यांनी बर्मिंगहॅमइतकेच ५८ गुण मिळवले, गोल सरासरीत (तिचा हिशेब पुढे येतो) मागे पडल्याने दुसरे आले आणि वरच्या श्रेणीत गेले. लीगमध्ये येऊन चारच हंगाम झाले होते, आणि मे १९२४ मध्ये हा क्लब साऱ्या इंग्लंडचा विजेता होण्याच्या उंबरठ्यावर उभा होता.

३ मे १९२४ हा हंगामाचा शेवटचा दिवस. कार्डिफ हडर्सफील्ड टाउनच्या एका गुणाने पुढे होता आणि त्या काळी विजयाला २, बरोबरीला १ गुण मिळत असे. कार्डिफचा सामना बर्मिंगहॅमच्या मैदानावर होता. उत्तरार्धात अजून एकही गोल झालेला नसताना गोलरेषेवर चेंडू हाताने अडवला गेला आणि कार्डिफला पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवला लेन डेव्हिसने, जो त्या हंगामातला त्यांचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता. त्याचा फटका गोलरक्षकाने अडवला. सामना ०-० असा सुटला. तिकडे हडर्सफील्डने आपल्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-० असे हरवले आणि दोघांचे गुण ५७-५७ झाले.

आता यापुढचा हिशेब मी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः मांडून पाहिला आहे, कारण नुसते वाचून त्यावर विश्वास बसत नाही. हडर्सफील्डने ६० गोल केले होते आणि ३३ स्वीकारले होते. कार्डिफने ६१ केले होते आणि ३४ स्वीकारले होते. त्या काळचा नियम गोल सरासरीचा होता, म्हणजे केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागायचे. ६० भागिले ३३ म्हणजे १.८१८. ६१ भागिले ३४ म्हणजे १.७९४. फरक ०.०२४ चा. वजाबाकी करून पाहिली तर दोघांचाही गोलफरक बरोबर २७ येतो, आणि गोलफरकही समान असेल तर जास्त गोल करणारा संघ पुढे, या आजच्या नियमाने एका गोलाच्या आधिक्यावर विजेता कार्डिफ ठरतो. भागाकाराची जागा वजाबाकीने घ्यायला इंग्लंडमध्ये १९७६ साल उजाडावे लागले. नेट रन रेटवर घसा बसेपर्यंत वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना यातली बोच वेगळी समजावून सांगायला नको.

हिशेब आणखी थोडा खोलवर नेला तर तो जास्तच टोचतो. हडर्सफील्डने शेवटचा सामना २-० असा जिंकला असता, तर त्यांची सरासरी १.७८८ झाली असती आणि करंडक वेल्समध्ये गेला असता. म्हणजे त्यांना नेमक्या तिसऱ्या गोलाची गरज होती आणि तो त्यांनी केला. उलट कार्डिफने बर्मिंगहॅमशी १-१ अशी बरोबरी केली असती, तर त्यांची सरासरी सुधारण्याऐवजी बिघडली असती, कारण त्या नियमात केलेल्या गोलापेक्षा खाल्लेला गोल फार महाग पडत असे. नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता, त्यामुळे अन्याय झाला असे म्हणण्याचा कोणाला अधिकार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. मी अन्यायाबद्दल बोलत नाही. ४२ सामन्यांच्या साखळीत, चार वर्षांपूर्वी लीगमध्ये नसलेल्या क्लबने देशातल्या सर्वोत्तम संघाच्या खांद्याला खांदा लावला, ही कामगिरी बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका दुपारी जिंकलेल्या सामन्यापेक्षा वजनदार आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. तो हडर्सफील्ड पुढे १९२५ आणि १९२६ मध्येही विजेता झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ०.०२४ ची खरी किंमत कळते.

१९२७ च्या त्या दुपारीबद्दलही प्रामाणिकपणे बोलायला हवे. आर्सेनलचा व्यवस्थापक होता हर्बर्ट चॅपमन, म्हणजे १९२४ मध्ये हडर्सफील्डला विजेतेपद मिळवून देणारा तोच माणूस, त्यामुळे कार्डिफच्या जुन्या खेळाडूंना त्या विजयाची गोडी थोडी अधिक लागली असणार. ९१ हजारांवर प्रेक्षक होते आणि बीबीसीने अंतिम सामन्याचे वर्णन प्रथमच रेडिओवरून ऐकवले. सोळा मिनिटे उरली असताना ह्यू फर्ग्युसनने मारलेल्या साध्याशा फटक्याला आर्सेनलच्या डॅन लुईसने जवळ ओढले, पण चेंडू त्याच्या हाताखालून निसटला आणि तो वळून पकडायला जाईपर्यंत रेषेपलीकडे गेला. लुईस स्वतः वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यातला होता. लोकरीची नवी जर्सी गुळगुळीत असल्यामुळे चेंडू सटकला, अशी आख्यायिका मागे उरली. वेल्सला कप मिळवून देणारी चूक वेल्शच माणसाची होती, तर विजेत्या अकरा जणांत वेल्श फक्त तिघे होते: पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत जखमी होऊन परतलेला कर्णधार फ्रेड कीनॉर, तरुण अर्नी कर्टिस आणि पेनल्टी चुकवणारा तोच लेन डेव्हिस. बाकीचे चार आयरिश, तीन स्कॉटिश आणि एक इंग्लिश. त्या वर्षी वेल्श कपही त्यांनीच जिंकला, म्हणजे दोन देशांचे कप एकाच हंगामात.

त्यानंतरची घसरण वेगाने झाली. १९२८-२९ मध्ये कार्डिफ पहिल्या श्रेणीत तळाला गेला आणि गंमत अशी की त्या हंगामात सर्वांत कमी गोल, म्हणजे ५९, कार्डिफनेच स्वीकारले होते. बचाव सर्वांत चिवट, स्थान सर्वांत शेवटचे. १९३१ मध्ये तिसरी श्रेणीही पाहावी लागली.

वेल्श कपच्या विजेत्याला युरोपीय स्पर्धांची दारे उघडी होती तेव्हाचा काळ मला मनापासून आवडतो. १९६७-६८ मध्ये दुसऱ्या श्रेणीतला हा संघ कप विनर्स कप या युरोपीय स्पर्धेत टॉर्पेडो मॉस्कोशी खेळायला थेट ताश्कंदला गेला, कारण मॉस्कोत त्या वेळी कडाक्याची थंडी होती. तिसरा, निर्णायक सामना जर्मनीत औग्सबुर्गला होऊन तो कार्डिफने जिंकला. उपांत्य फेरीत हॅम्बुर्गविरुद्ध बाहेर १-१ साधल्यावर घरच्या मैदानावर मात्र २-३ अशी हार झाली, पुन्हा एका गोलाने. याच स्पर्धेत १० मार्च १९७१ रोजी निनियन पार्कवर ब्रायन क्लार्कच्या हेडरने रेआल माद्रिदला १-० असे नमवले. परतीच्या सामन्यात ०-२ झाले आणि तो प्रवास तिथेच थांबला.

अलीकडच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. २००८ चा एफए कपचा अंतिम सामना पोर्ट्समथविरुद्ध ०-१ असा गेला. २०१२ मध्ये मालकाने निळा पोशाख काढून लाल चढवला आणि पुढच्याच वर्षी, त्या लाल पोशाखात, क्लब ५१ वर्षांनी सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. चाहत्यांच्या रेट्यामुळे जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. ज्यांना ‘ब्लूबर्ड्स’ म्हणतात त्यांना लाल कपडे घालणे हा माझ्या मते शुद्ध अडाणीपणा होता.

पण २००९ चा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. चॅम्पियनशिपच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या, शेवटच्या दिवशी कार्डिफ आणि प्रेस्टन या दोघांचेही ७४ गुण झाले आणि वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्ले-ऑफ सामन्यांची जागा एकच उरली. आता भागाकाराचा नियम नव्हता; दोघांचा गोलफरक १२ असा समान निघाला, म्हणून केलेले गोल मोजले गेले. प्रेस्टनचे ६६ होते आणि कार्डिफचे ६५. १९२४ मध्ये लागू असता तर ज्या नियमाने कार्डिफला विजेते केले असते, त्याच नियमाने ८५ वर्षांनी त्यांना बाहेर ठेवले. आणि त्याच एप्रिलमध्ये प्रेस्टनच्या मैदानावर ते ०-६ असे हरले होते, त्या सहापैकी एक गोल जरी अडला असता तरी पुरे होते.