सोलर बसवा, पण आपल्याच माणसाकडून

घरावर सोलर बसवायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. आता कंत्राटदार निवडताना त्याचं काम बघत बसू नका, त्याची भाषा बघा. बेळगाव, खानापूर, निपाणीत राहून आपण एवढं तरी करायला नको? पीएम सूर्यघर, म्हणजे घराच्या छतावरच्या सोलरला केंद्राची सबसिडी देणारी योजना, तिच्या पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी आहे म्हणे. असेल. पण यादीतला माणूस कोण, कुठला, कुणाचा? त्यापेक्षा मेव्हण्याच्या ओळखीतला तो पोरगा बरा, जो शिवजयंतीला चित्ररथासाठी जनरेटर पुरवतो. तो घरी येईल, चपला उंबऱ्याबाहेर काढेल, आजींच्या पाया पडेल, कुंद्याची वाटी पुसून-चाटून संपवेल आणि म्हणेल, "काका, आपल्या माणसांना फसवून मी जाणार कुठं ओ?"

यावर त्याच्याकडे करारनामा मागणं म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसाचा जाहीर अपमान. योजनेत ग्राहक आणि विक्रेता यांच्या कराराचा नमुना तयार मिळतो. पॅनेल कुठल्या कंपनीचे, इन्व्हर्टर कुठला, पैसे कोणत्या टप्प्याला, पाच वर्षं देखभाल कुणी करायची, सगळं त्यात लिहिता येतं. असले कागद परक्या लोकांत होतात. आपल्यात शब्द असतो. शब्दाला साक्षीदार लागत नाहीत आणि पुढे मोडला तर तुकडेही सापडत नाहीत.

विक्रीचं भाषण मात्र पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. तो सांगेल, "लाईट गेली की सगळी गल्ली अंधारात, तुमचं घर तेवढं चकचकीत." साधं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं सोलर, लाईट गेली की आपणही बंद पडतं, कारण खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या गच्चीतल्या करंटचा शॉक बसू नये. लाईट गेल्यावर घर चालवायला बॅटरी लागते आणि तिचे पैसे वेगळे. पण हे त्याला सांगून त्याचा उत्साह घालवू नये. पोरगं किती मनापासून बोलतंय.

आता पैसे. तीन किलोवॅटचं काम साधारण दोन लाखांच्या घरात जातं. केंद्राची सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे 78,000 रुपये. त्यापुढे कितीही पॅनेल लावा, आकडा तोच. ही सबसिडी थेट तुमच्या बँक खात्यात येते, पण कधी? काम पूर्ण झालं, तपासणी झाली, दोन्ही बाजूंचे युनिट मोजणारा मीटर बसला, सगळं पोर्टलवर चढलं की मग. थोडक्यात, काम संपण्यात 78,000 रुपयांचा जीव अडकलेला असतो, पण तो तुमचा. कंत्राटदाराचाही थोडा जीव अडकावा असं वाटत असेल, तर शेवटचा मोठा हप्ता मीटर लागेपर्यंत हातात ठेवावा लागेल. इतकं कोतं मन आपलं नाही. "काका, मटेरियल उचलायचं हाय, उद्या रेट वाढतंय," असं तो म्हणाला की नव्वद टक्के रक्कम त्याच रात्री पाठवा. बँकेचं कर्ज असेल तर आणखी सोपं. बँक पैसे परस्पर त्याच्याच खात्यात टाकते. तुमच्याकडे फक्त हप्ता उरतो.

हप्ता सुरू झाला की गल्लीत तुमची कीर्ती होईल. कारण इथे 2023 च्या जुलैपासून कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना आहे. 2022-23 मधला तुमचा सरासरी वापर, त्यावर दहा टक्के, आणि सगळं मिळून 200 युनिटांच्या आत असलं तर बिल शून्य. दोनशे ओलांडले की सगळ्या युनिटांचे पैसे. तुम्ही गीझरवाले, म्हणून तर सोलरच्या नादी लागलात. आता शेजारच्या काकूंचं बिल शून्य, तुमचं बिल पूर्ण, शिवाय कर्जाचा हप्ता. काकू खिडकीतून विचारतील, "सोलर चालू झालं काय ओ?" नुसतं हसा. हसण्याला युनिट लागत नाहीत.

यानंतर मटेरियल येईल. म्हणजे पाइप येतील. जस्ताचा मुलामा दिलेले जाड पाइप असावेत असं कुठेतरी वाचलं असेल, तर ते विसरून जा. चांदीचा रंग मारलेला पाइप फोटोत तितकाच छान दिसतो. मग तुमच्या गच्चीवर ड्रिल चालेल. वजनदार काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर सांगाडा उभा करता येतो, पण त्याला वेळ लागतो. ड्रिलला लागत नाही. स्लॅबला आरपार नजर जाईल अशी भोकं पाडून बोल्ट बसवतील, चार पाय उभे करतील, आडवे दोन पाइप टाकतील, आणि शेवटच्या पाइपाला वेल्डिंग करायचं म्हणून मशीन आणायला जातील.

तो पाइप अजून कठड्याला टेकून आहे. त्याच्या एका टोकात चिमण्यांनी काड्या भरल्यात आणि दुसऱ्या टोकातून पावसाचं पाणी सावकाश, न चुकता, गच्चीच्या दाराशी पडतं. बोल्टांच्या भोवती गंजाची तांबूस वर्तुळं आली आहेत. बेळगावचा जून म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, देवघरावरच्या छताला पहिल्याच आठवड्यात ओल धरते. बोट लावलं की चुना हातात येतो. त्याला फोटो पाठवलात तर उत्तर येईल, "ते वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम हाय काका, तुम्ही काय टेन्शन घेऊ नकासा." टेन्शन घेऊ नका, पातेलं घ्या.

पॅनेलं मात्र येतात, त्याबद्दल शंका नको. एकेक साडेसात फूट उंच आणि पावणेचार फूट रुंद, सहाच्या सहा खोक्यासकट जिन्यात भिंतीला लावून उभी. गच्ची तयार नाही तोवर तिथेच. पाहुण्यांनी अंग चोरून वर यायचं, नातवंडांना त्यामागे लपायचं. एक गोष्ट कटाक्षाने टाळा, मागचं स्टिकर वाचणं. सबसिडीला सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली लागतात, आणि पॅनेलांचे नंबर पोर्टलवर चढवावे लागतात. तुमची पॅनेलं बाहेरच्या देशातली निघाली तर दुःख होईल, आणि दुःख झालं की रक्तदाब वाढतो.

इथून पुढे काम थांबतं. आपल्या भागात काम थांबायला कारण शोधावं लागत नाही, कॅलेंडर पुरतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. मग गणपती, पोरं मंडळात. नवरात्रात दुर्गामाता दौड, पहाटे धावलेला माणूस दुपारी शिडीवर कसा चढणार? दिवाळीत किल्ला. एक नोव्हेंबरला काळा दिन, त्या दिवशी काम विचारलंत तर तुमच्या अस्मितेवरच प्रश्नचिन्ह. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, "सगळे साहेब तिकडंच हाईत ओ". जानेवारीत सौंदत्तीची यल्लम्मा. मार्चमध्ये इयर एंड. मग गावोगावच्या लक्ष्मी यात्रा, ज्या वर्षानुवर्षांनी येतात आणि नेमक्या त्याच्या वेल्डरच्या गावाला याच वर्षी येतात. वैशाखात शिवजयंतीची मिरवणूक, त्यात तर तो स्वतःच जनरेटरवर बसलेला. आणि मग पुन्हा जून. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, थांबायची सवय आपल्याला नवीन आहे का?

मध्येच कधीतरी तो मीटरचं नाव काढेल. "फाईल हुबळीला गेली हाय काका." या वाक्याची तपासणी करायला हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात जाऊ नका. बिलावरचा आर.आर. नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, सांगितला की खिडकीपलीकडचा माणूस अर्ज आहे की नाही एवढं बघून सांगू शकतो, आणि "असा अर्जच आलेला नाही" हे ऐकायला तुमचं मन तयार नसेल. केंद्राच्या 2024 च्या नियमांत तर दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरला आधीच्या तांत्रिक तपासणीची अटच काढून टाकली आहे. अर्ज मंजूर झाला असंच धरायचं, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला दिल्यावर 15 दिवसांत मीटर बसवायची जबाबदारी वीज कंपनीची. पण अडचण अशी की दाखला द्यायला काम पूर्ण असावं लागतं. अर्धवट सांगाड्याला मीटर लावायची सोय नियमांत राहून गेली आहे.

तसंही तो तुम्हाला जाऊच देणार नाही. "तुम्ही कशाला जातासा काका, तिथं सगळं कन्नडात असतंय. मी बघतो की." हे ऐकून तुम्हाला भरून येतं. आपल्यासाठी कुणीतरी त्या खिडकीपुढे उभं राहतंय! कधी योगायोगाने तिकडे गेलात तर पाहायला मिळेल, तोच पोरगा कमरेत वाकून कन्नडात "हौद्री सर, हौद्री", म्हणजे होय साहेब, होय, म्हणतोय आणि आतले साहेब त्याच्या पाठीवर थाप मारतायत. तुमच्याकडे तो मराठी अस्मितेचा वाघ, तिथे घरचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. अर्धं शतक दोन सरकारांना जी सीमा ओलांडता आली नाही, ती तो दिवसातून चारदा ओलांडतो, तीही तुमच्या ॲडव्हान्सच्या पेट्रोलवर. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात पूर्ण झालेलं काम तेवढं एकच.

मधल्या काळात त्याला एक शोध लागेल. वीजबिल अजून तुमच्या वडिलांच्या नावावर आहे, आधारवर तुमचं नाव आहे, आणि बँकेत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. हे पहिल्या दिवशी बिल हातात घेऊनही बघता आलं असतं. पण पहिल्या दिवशी त्याच्या हातात चेक होता. आता नाव बदलून घ्या, वारसांच्या सह्या आणा, पुण्याच्या आत्याला बोलवा. तेवढे महिने तो सुटला, आणि चूक तुमची ठरली.

खूपच राग आला तर फोन करा, उचलला नाही तर व्हॉट्सॲप करा. निळ्या खुणा दिसतील. ऑफिसात जाऊन भेटू म्हणाल तर कळेल की दुकानाचा पत्ता शिनोळीचा आहे. म्हणजे हद्दीच्या पलीकडे, चंदगड तालुका, महाराष्ट्र. एरवी ज्या राज्यात जायला आपण जन्मभर घोषणा दिल्या, तिथे तो आधीच जाऊन बसलाय. इथे हात टेका आणि म्हणा, दुसऱ्या राज्यातल्या माणसावर इथून काय करणार?

काही आगाऊ लोक तुम्हाला सांगतील की 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर फोन केला तर मराठीतही बोलतात. अशा लोकांना चहा पाजा आणि वाटेला लावा. त्यांच्या नादी लागून तुम्ही पावत्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, बँकेचा उतारा, गळक्या छताचे तारखेसह फोटो असलं काहीतरी एका फाईलीत लावायला घ्याल. मग एक दिवस त्याला नोटीस जाईल, आणि गल्लीतले ज्येष्ठ तुम्हाला बोलावून समजावतील, "अहो, आपल्याच पोराला कोर्टात खेचतासा? लोक काय म्हणतील? आपण आपल्यात मिटवूया की." मिटवण्याच्या बैठकीला तो उशिरा येतो, अर्धा किलो कुंदा घेऊन, आणि सगळ्यांत आधी तुम्हालाच भरवतो. तोंडात कुंदा असताना माणूस फार बोलू शकत नाही.

दरम्यान त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर तुमचा फोटो लागलेला असेल. जिन्यात, खोक्यांतून अर्धवट काढलेल्या पॅनेलशेजारी, हसताना. पोर्टलला लागतो म्हणून काढून घेतला होता. खाली लिहिलंय, "आणखी एक समाधानी ग्राहक." तो बघून वडगावातले तुमचे साडू फोन करतील, नंबर मागतील. लगेच द्या, आणि चांगलंच बोला. त्यांचा ॲडव्हान्स आला की पहिला तुमचा इन्व्हर्टर उचलतो, असं त्यानं कालच सांगितलंय.