बॉनेटखालचे संरक्षित कूळ

गहू मळून झाला की मळणी यंत्र आणि मुलगा पुण्याला नोकरीला लागला की त्याची जुनी गाडी, ही दोन्ही शेडमध्ये ढकलून आपण निश्चिंत व्हावे, असा आमच्या दिंडोरी-निफाडकडचा प्रघात आहे. उंदरांच्या दृष्टीने तो अत्यंत कल्याणकारी असल्यामुळे आपणही मोडू नये. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की बांधातली बिळे पाण्याने भरतात आणि त्यांतली कुटुंबे कोरड्या जागेच्या शोधात निघतात. अशा वेळी आपल्या शेडमध्ये अंधार, शांतता आणि महिनोन्महिने न उघडलेले बॉनेट तयार असावे.

यंत्र लावताना चाळण्यांवर आणि तळाशी अडकलेले पसाभर गहू झाडून काढू नयेत. पाहुण्याला आल्याबरोबर बाजारात पाठवणे बरे दिसत नाही. शेजारीच सरकी पेंडीचे पोते टेकवून ठेवावे. गाडीवर जमिनीपर्यंत लोळणारी ताडपत्री टाकावी, म्हणजे मांजराला आतले काही दिसणार नाही. अंथरुणाची चिंता करू नये, कारण सीटचा फोम, बॉनेटच्या आतला नमदा आणि एअर फिल्टरचा कागद ही सोय कंपनीनेच करून दिलेली असते. दर आठवड्याला इंजिन सुरू करावे, बॉनेट उघडे ठेवून आत उजेड जाऊ द्यावा, असे सांगणारे शेजारी असतात. मात्र त्यांच्या गाड्या नेहमी चालू स्थितीत असल्यामुळे गावातल्या प्रत्येक लग्नाला त्याच मागितल्या जातात, हे ध्यानात घ्यावे.

प्रवेशद्वाराचा प्रश्न फारसा अवघड नाही. पेन्सिल जाईल एवढे, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरचे भोक लहान उंदराला पुरते, तेव्हा सायलेन्सरचे तोंड म्हणजे त्याला वाड्याचा दिंडी दरवाजाच. त्यावर पाव इंचाहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी तारेने आवळावी, गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढायची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधावी आणि शेडच्या भिंतीतली भोके तारेची घासणी कोंबून सिमेंटने लिंपावीत, एवढा खटाटोप सख्ख्या भावासाठीही कोणी करत नाही.

त्याऐवजी डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात. मी चार ठेवल्या होत्या. त्यांपैकी तीन पुढे घरट्याच्या कडेला ओळीने लावलेल्या सापडल्या. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारे उपकरणही जरूर घ्यावे. नाशिकरोडला रुळांलगत राहणाऱ्याला रेल्वेची होते तशी उंदरांना त्याची थोड्याच दिवसांत सवय होते. विष ठेवायचेच असेल तर झिंक फॉस्फाईड ठेवावे आणि तेही आधी दोन-तीन दिवस नुसता भरडा खायला घालून विश्वास संपादन न करता. थोडेसे चाखून आजारी पडलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही, आणि पुरेसे खाल्लेला एखादा जाऊन मरतो तो नेमका एसीच्या पाइपात, जिथे आपला हात पोहोचत नाही पण वास मात्र पोहोचतो. लेंड्या कोरड्या झाडूनेच झाडाव्यात आणि धूळ मनसोक्त उडू द्यावी. जंतुनाशक शिंपडून, हातमोजे घालून, ओल्या फडक्याने पुसणाऱ्या माणसाला उंदराच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोची उगाच भीती असते.

या सगळ्यामागचे तत्त्व आपल्याला नवे नाही. कूळ कायदा 1948 साली झाला आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा जमिनीचा मालक ठरला. कुरतडणारा गाडीचा मालक ठरायला तेवढाही वेळ लागत नाही. मादीचा गर्भकाळ अवघा 21 दिवसांचा असतो (हा आकडा त्यांच्या धन्यालाही प्रिय आहे), एका वेताला पाच-सहा पिले होतात आणि ती दीड-दोन महिन्यांत स्वतःच्या संसाराला लागतात. पुढचे दात जन्मभर वाढत असल्यामुळे ते झिजवायला प्रत्येकाला काहीतरी लागते. एवढ्या मोठ्या खटल्याला एका गाडीचे वायरिंग किती दिवस पुरणार?

माझ्याकडे ते दसऱ्यापर्यंत पुरले. पूजेसाठी गाडी बाहेर काढायला गेलो तेव्हा चावी फिरवूनही एक दिवा लागला नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडून आधी नमस्कार केला आणि मग सगळे वायरिंग नवे टाकावे लागेल, असे सांगितले. बॅटरीशेजारी फोमचा वाटीएवढा गोळा होता आणि त्यात डोळे न उघडलेली पाच गुलाबी पिले एकमेकांवर रचून ठेवल्यासारखी झोपली होती. खाली अंथरलेला कागद ओळखीचा वाटला म्हणून अलगद ओढून पाहिला. ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेली सातबाऱ्याची झेरॉक्स होती ती. गट क्रमांक, क्षेत्र, आकार सगळे शाबूत होते. भोगवटादाराच्या रकान्यातले माझे नाव तेवढे नेमके कुरतडलेले होते.