पिकअप मधूनच जातं? दोष कधीच सापडू नये यासाठी काही सूचना

समजा तुमच्याकडे 2002 ची मारुती झेन आहे, सपाटीला झकास पळते, पण मे महिन्यात चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात, मागे तिघं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू, तिसरा गिअर आणि एकदम मान टाकते. पाय पार तळाला टेकवला तरी ढिम्म. दहा-पंधरा मिनिटं बाजूला उभी केली की परत अशी निघते जणू काही झालंच नाही. घाबरू नका, हे दुखणं वर्षानुवर्षं टिकवता येतं, फक्त थोडी शिस्त पाहिजे.

पहिली गोष्ट, काही म्हणजे काही लिहून ठेवायचं नाही. इंजिन किती तापलं होतं, टाकीत पेट्रोल किती होतं, पाऊस होता का, धक्के देत गेली की शांतपणे बसली, हे सगळं विसरून जा. फार घातक माहिती आहे ही, तिच्यावरून कुणीतरी खरंच विचार करायला लागेल. आता बघा, इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी काही पुढे जात नाहीये म्हणजे क्लच घसरतोय, इंजिनचा संबंधच नाही, पण हे घाटातच लक्षात आलं तर पुढची सगळी करमणूक बुडाली ना!

गॅरेजला गाडी सकाळी नऊला न्या, थंडगार असताना, आणि "पिकअप घेत नाही" एवढंच सांगा. मेस्त्री ट्राय मारेल. ट्राय म्हणजे काय तर कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत जायचं आणि यू टर्न, दुसऱ्या गिअरच्या वर जायला तिथं रस्ताच नसतो. उतरून म्हणेल, "एकदम मक्खन आहे साहेब." तुम्ही मान डोलवा. अर्धा-पाऊण तास गाडी तापवून, त्याला शेजारी बसवून चढाला वगैरे नेऊ नका, बिचाऱ्याला दोष दिसेल.

मग पार्ट बदला. प्लग, प्लगच्या केबली, कॉइल, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, सगळं एकाच दिवशी, कारण एकेक करत गेलात आणि चुकून फरक पडला तर कशाने पडला ते कळेल की. कॉइल आणायला पुण्यात नाना पेठेत जा आणि "सगळ्यात स्वस्त कुठली" एवढाच प्रश्न विचारा. जुने प्लग न बघता टाकून द्या. उगाच त्यांची टोकं पांढुरकी दिसली तर शंका येणार की पेट्रोल कमी पडतंय, कोरडी काळी असली तर वाटणार जास्त जातंय, आणि तुम्हाला तर आधीच माहितीये ना की "प्लगचाच प्रॉब्लेम आहे".

टाकीच्या झाकणापासून लांब राहा. गाडी घाटात बसली आणि तुम्ही झाकण उघडलंत, फुस्स करून हवा आत गेली आणि लगेच गाडी पळायला लागली, तर टाकीला हवा घ्यायची वाट तुंबलीय हे फुकटात कळतं. फुकटात! तसंच पेट्रोलचं प्रेशर मोजायचा गेज. अशा एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांना साधारण 3 बारच्या आसपास प्रेशर लागतं आणि गंमत म्हणजे उभ्या गाडीला ते बरोबरच दाखवतं, चढाला इंजिन पेट्रोल ओढायला लागलं की मग पडतं, पेट्रोलचा फिल्टर चोक असतो नाहीतर टाकीतला पंप गरम झाला की दम सोडतो. म्हणून मोजायचंच असेल तर उभ्या गाडीत मोजा आणि "पंप ओके" असं ठणकावून सांगा.

बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्ट केलेली असते तिथे वाकून बघू नका, हिरवट पांढरा गंज दिसेल. इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये, गाडी चालू असताना, 0.2 व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थिंग गंडलंय, पण त्यासाठी काहीशे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा लागतो, त्यापेक्षा सरळ ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच बदला, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

गाडीतले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर मात्र जरूर घ्या, तो ब्लूटूथवाला. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने आपले दोष आपणच ओळखून नोंदवायची सोय, 2010 पासून आणि ओबीडी-2 2013 पासून सक्तीचं झालं त्यामुळे 2002 च्या झेनला तो बहुतेक जोडलाच जाणार नाही, पण हातात असला की माणूस जाणकार दिसतो. नवीन गाडी असेल आणि क्रँक सेन्सरचा (इंजिनचं फिरणं मोजतो तो) कोड आलाच तर आधी डिलीट मारा, मग विचार करा. नाहीतर थेट सेन्सर बदला, वायर कुठे कुरतडलीय का बघत बसू नका. कोड आरोपीचं नाव सांगत नाही, फक्त गल्ली सांगतो, पण एवढं कुणाला ऐकायचंय.

या सगळ्यातून काही निघालं नाही तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल आहेच. त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, जुने रबरी पाइप खराब करतं, टाकीतला गाळ सुटा करून फिल्टरला नेऊन बसवतं, हे सगळं खरंय आणि खरं आहे म्हणूनच तर इतकं सोयीचं, कारण मग हीच टाकी सपाटीला कशी चालते हे कुणी विचारतच नाही. सरकारला चार शिव्या घाला, फिल्टर तसाच राहू द्या.

शेवटी कंटाळून विकायला काढालच. ट्राय सकाळी द्या, थंड इंजिनवर, सपाट रस्त्याला, एसी बंद ठेवून. गिऱ्हाईक चिपळूणचं मिळालं तर उत्तमच, घाट उतरून आनंदात घरी जाईल आणि चढायची वेळ येईपर्यंत आरसीवर त्याचं नाव चढलेलं असेल.