ठिपकेवाल्यांचा मुक्काम

झुरळाचं एक बरं असतं. त्याला मारताना कुणी आडवं येत नाही. तुम्ही चप्पल काढली की घरातली समस्त मंडळी तुमच्या बाजूची. पालीबद्दल थोडे मतभेद असतात, मुंग्यांना साखर घालणारेही लोक असतात, पण झुरळाचं वकीलपत्र घेतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. लेडीबगचं, म्हणजे आपल्या ढालकिड्याचं, तसं नाही. लालचुटूक रंग आणि पाठीवर ठिपके, एवढ्याच भांडवलावर या किड्याने जगभर पुण्याई कमावून ठेवली आहे. मुलांच्या दप्तरांवर तो, वाढदिवसाच्या केकवर तो. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या ओहायो राज्याने तर १९७५ साली त्याला राज्यकीटकाचा मान दिला. राज्यकीटक शेकड्यांनी दिवाणखान्यात शिरला तर काय करायचं, याबद्दल मात्र सरकार गप्प आहे.

आमचं घर कोलंबसच्या वायव्येला, जिथं शहर संपतं आणि सोयाबीन सुरू होतं. घर घेताना बायकोची अट एकच होती: दार पूर्वेला हवं. एजंटबाई महिनोन्‌महिने होकायंत्र घेऊन हिंडल्या आणि त्यांनी पूर्वेचं दार मिळवून दिलं. दार पूर्वेला म्हणजे मागची भिंत पश्चिमेला, पण वास्तुशास्त्रात मागच्या भिंतीचा अध्याय नसावा. ती भिंत पांढरीशुभ्र आहे आणि दुपारभर ऊन खात उभी असते. ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी झाली, की उन्हाळाभर पिकावरची मावा नावाची कीड खाऊन तुकतुकीत झालेले हे ढालकिडे हिवाळ्यासाठी जागा शोधत निघतात. त्यांची पसंती ठरलेली: फिकट रंग, मावळतीचं ऊन आणि भरपूर भेगा. मूळ मुलखात ते डोंगरकड्यांच्या कपारींत थंडी काढतात. आमच्याकडे सगळं कसं तळहातासारखं सपाट, त्यामुळे कड्याचा मान आमच्या घराला.

थंडीचा पहिला तडाखा येऊन गेला आणि त्यानंतर एखादी उबदार दुपार उगवली, की समजायचं. भिंतीवरचा रंग सरकायला लागतो. खिडकीच्या चौकटीत, भिंतीला बाहेरून ठोकलेल्या सायडिंगच्या पट्ट्यांखाली, दाराच्या रबरामागे, जिथं जेमतेम तीन मिलिमीटरची फट आहे तिथून मंडळी आत. सीलंटची नळी घेऊन मी शिडीवर चढलो, तर कीड नियंत्रणवाला खालून म्हणाला, "हे ऑगस्ट-सप्टेंबरात करायचं असतं. आता बुजवलंत तर आतले आतच राहतील." एवढं सांगण्याचे त्याने पैसे घेतले. वर दिलासा दिला, की हे घरात काही खात नाहीत, लाकूड पोखरत नाहीत, अंडीही घालत नाहीत. नुसते झोपतात. एप्रिलपर्यंत.

नुसते झोपले असते तर मी हा लेख लिहिला नसता. हीटर सुरू झाला की त्यांना वसंत आल्याचा भास होतो आणि ते खिडकीकडे निघतात. एक जण काचेवर चढत होता, त्याला मी चहा पिता पिता बराच वेळ पाहिलं. काच संपली की थांबायचं, पाठीची ती गुळगुळीत ढाल मधोमध उघडायची, आतून तिच्या दुप्पट लांबीचे पातळ पंख काढायचे, भुर्रकन जायचं आणि दिव्यावर आपटून परत यायचं. ढाल मिटली तरी पंखाचं टोक मागून बाहेरच, साडीखालून परकर दिसावा तसं. मग मागच्या मागे कंबर हलवून हलवून ते आत ओढून घेणं. हा प्रकार इतका लोभस, की दुसरा एक माझ्या चहात पोहतोय हे मला उशिरा दिसलं.

हा ठिपकेवाला मूळचा इथला नव्हेच. डोक्यामागच्या पांढऱ्या पट्टीवर काळा 'एम' असेल तर तो एशियन लेडी बीटल. याची कुंडली पाहिली आणि मला भरून आलं. १८८८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात संत्री-मोसंब्यांच्या बागा खवले किडीने बसत चालल्या होत्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका ढालकिड्याने त्या वाचवल्या. तेव्हापासून अमेरिकन कृषी खात्याची या जातकुळीवर श्रद्धा बसली. आमचे हे आशियाई पाहुणे पहिल्यांदा १९१६ साली कॅलिफोर्नियात सोडले गेले, पुढे सत्तरच्या दशकाअखेरीस जॉर्जियात पिकॅन या अक्रोडासारख्या फळाच्या झाडांवरचा मावा खाण्यासाठी आणि आणखीही काही राज्यांत. रुजल्याचं दिसलं ते १९८८ मध्ये, लुइझियानात. म्हणजे आशियातून आले, सरकारने बोलावून आणले, काम चोख केलं, आणि आता शेजारी तक्रार करतात की हे फार झाले. ग्रीनकार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने यांना कोणत्या तोंडाने हाकलायचं?

हाकलायला बायको पुढे आली. तिने एकाला चिमटीत धरलं, तर त्याने गुडघ्यांतून पिवळं पाणी सोडलं. हे खरोखर गुडघ्यांतूनच येतं. ते त्याचं रक्त. शत्रूने तोंडात धरलं तर थुंकावं, अशी योजना. पांढऱ्या पडद्यावर त्याचे डाग पडतात ते निघत नाहीत आणि वास येतो तो कच्चे शेंगदाणे आणि ढोबळी मिरची एकत्र वाटल्याचा. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "कूट सांडलं का गं?"

आणि मग आईने कायदा केला. "ऐन दिवाळीत जीव घ्यायचा नाही. धरायचे आणि बाहेर सोडायचे." शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यात भर घातली, की लेडीबग घरात येणं फार शुभ. लेक शाळेत त्यावर चित्र काढून आलेली, ती तर व्हॅक्यूमसमोर हात पसरून उभी राहिली. "बाबा, डोन्ट! ती रोझी आहे!" शेकड्यांमधून रोझी तिला कशी ओळखू आली, कोण जाणे.

न मारता धरायची इथली सर्वमान्य रीत म्हणजे बायकांचा पातळ नायलॉनचा पायमोजा व्हॅक्यूमच्या नळीत खोचायचा, वर रबर लावायचं आणि ओढायचं. किडे मोज्यात अडकतात, मशीनमध्ये चिरडून वास येत नाही. आमच्या घरात असला मोजा कुणी घालत नाही, म्हणून तो आणायला मी गेलो. मोठ्या दुकानात नको त्या विभागात बराच वेळ रेंगाळून, मापं-बिपं न बघता एक पाकीट उचललं आणि खाली मान घालून काउंटरवर ठेवलं. काउंटरवरच्या बाईंनी मान वरही न करता विचारलं, "लेडीबग्ज?"

तेव्हापासून माझा नेम सुरू झाला. संध्याकाळी मोजा भरायचा, गाठ मारायची, अंधारात कुडकुडत शेताच्या बांधापर्यंत जायचं आणि मंडळींना मोकळं करायचं. बांधावरून आमची पांढरी भिंत फार सुरेख दिसते, हे मला तिथं कळलं. त्यांनाही कळलं असावं.

लक्ष्मीपूजनाला घर भरलं. बाहेर वारा म्हणून आईने सनरूममध्ये ठिपक्यांची रांगोळी काढली, ठिपके मोजून, सरळ रेषेत. पणत्या लावल्या, सनरूम ऊबदार झाली, आणि पाहुणे कौतुकाने वाकून बघत असताना रांगोळीतले काही ठिपके उठून चालायला लागले. एक गृहस्थ म्हणाले, "वा, हे बॅटरीवर आहे का?" चिवड्याच्या परातीत दोन निघाले. आईने ते बोटाने अलगद बाजूला केले आणि चिवडा वाढला. कायदा म्हणजे कायदा.

जेवणं झाल्यावर तासगावच्या मामांचा व्हिडिओ कॉल आला. मामांची द्राक्षबाग आहे. वेलीवरच्या पिठ्या ढेकूण या किडीसाठी ते दरवर्षी क्रिप्टोलिमसचे डबे विकत आणतात. तेही एक प्रकारचे ढालकिडेच. फोनवर ढालकिड्यांनी भरलेलं छत बघून मामा उठूनच बसले. "अरे, हे फुकटात? आम्ही पैसे मोजून आणतो की रे! मोजा भरून फेकून देतोस म्हणजे काय?" आई माझ्याकडे बघून मान हलवत राहिली. मामांनी डब्याचा भाव सांगितला, मनातल्या मनात भिंतीचा हिशेब केला आणि विचारलं, "द्राक्षाला बरे आहेत ना हे?"

खोटं कशाला बोला. मी म्हणालो, "मामा, पिकलेल्या घडात शिरून बसतात. कॅनडात ओंटारिओला २००१ साली द्राक्षांबरोबर हेही चिरडले गेले. त्या सालच्या वाइनला यांचाच वास. पुष्कळ माल वाया गेला तिकडे."

साताऱ्यापासून तासगावपर्यंत आमच्या कुळात मामांचा शब्द शेवटचा. ते गंभीर झाले.

"घडात शिरतात?"

"शिरतात."

"मग बघत काय बसलाय? झाडून टाका सगळे!"

आईने माझ्या हातातून नळी घेतली, मोजा उपटून कोपऱ्यात भिरकावला आणि मशीनचं बटण पायाने दाबलं. "पडदे धर वर," म्हणाली, "आणि त्या रोझीला घेऊन पोरगीला आधी वर पाठव."