मासे धरायला येता की धिंगाणा घालायला?

भंडारदऱ्याला गळ टाकायला येता ना? मग डीजे कशाला? समोर 1646 मीटरची कळसूबाई, भोवती अभयारण्य, आणि आर्थर लेकच्या काठावर रात्री दोनपर्यंत धाडधाड! पाण्यात पाय घालावा तर बाटलीच्या काचा. परवा गळाच्या तुटक्या नायलॉनच्या दोरीत बगळ्याचा पाय अडकलेला, सुजून काळानिळा झालेला. दोरी गुंडाळून खिशात घालायला असा किती वेळ लागतो?

पावसाच्या तोंडावर काजवे बघायला येणार आणि झाडावर थेट टॉर्च मारणार! अरे, काजवा लुकलुकतो ते जोडीदाराला खुणावायला. तुमच्या हेडलाइटच्या झोतात त्याची खूण कोणाला दिसणार? हटकलं की म्हणे, ‘पैसे भरलेत आम्ही!’ तंबूचे भरलेत, तळ्याचे नाही. आपला कचरा गाडीत भरा आणि घरी न्या!