एक सेन्सर लावला म्हणून पूल वजनकाटा होत नाही

‘पुलाखाली एक सेन्सर चिकटवा, वरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचं आणि त्याच्या प्रत्येक एक्सलचं (चाकांच्या आसाचं) अचूक वजन मिळेल. वजनकाटे बंद करा, ओव्हरलोडचा दंड थेट घरी पाठवा.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. मूळ तंत्र खरं आहे: ट्रकखाली पूल किती वाकतो, त्यावरून ट्रकचं वजन काढायचं. अमेरिकेत फ्रेड मोझेस यांनी १९७९ मध्येच ते मांडलं. रस्ता खोदावा लागत नाही आणि चालकाला वजन होतंय हे कळतही नाही, हे त्याचे मोठे फायदे. पण बाकीचे दावे तपासायलाच हवेत.

‘एक सेन्सर पुरतो.’ नाही. ट्रक डाव्या लेनने गेला की डावे गर्डर (पुलाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळया) जास्त वाकतात. एकाच गर्डरखाली स्ट्रेन गेज (ताणल्यावर होणारी लांबीतली वाढ मोजणारा सेन्सर) असेल, तर लेन बदलल्यावर त्याच ट्रकचं वजन वेगळं येईल. म्हणून प्रत्येक गर्डरच्या तळाशी, मधोमध गेज हवं. काँक्रीटमध्ये ते भेगेवर बसलं, तर भेगेची उघडझाप मोजली जाते आणि आकडे अवाच्या सवा फुगतात. मुळात मोजायचं असतं ते मीटरमागे मिलिमीटरचे दोन-चार शतांश.

शिवाय वेग लागतो. एकूण वजन काढताना गेजच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ वेगाने गुणतात, म्हणून वेगात ५ टक्के चूक झाली की वजनातही ५ टक्के. दोन सेन्सर ४ मीटर अंतरावर आहेत आणि ट्रक ताशी ७२ किमीने चाललाय असं धरा. मधला वेळ ०.२ सेकंद. सेकंदाला १०० नोंदी घेतल्या, तर एका नोंदीची चूक म्हणजेच ५ टक्के. ५०० नोंदी घेतल्या, तर ती १ टक्क्यावर येते.

‘प्रत्येक एक्सलचं वजन कळतं.’ खरी गोम इथे आहे. १५ मीटरचा, दोन टोकांवर टेकलेला साधा गाळा (दोन आधारांमधला पुलाचा भाग) घ्या. त्यावरून १.३ मीटर अंतराचे दोन एक्सल, एकूण २१ टन, जाताहेत. दोन्हींवर १०.५ टन असतील, तर गाळ्याला मधोमध वाकवणारा सर्वाधिक जोर (आघूर्ण) सुमारे ७१.९ टन-मीटर. आता एकावर १२ आणि दुसऱ्यावर ९ टन ठेवा: ७२.९. एक्सलमध्ये ३ टनांचा फरक, पण पुलाला जाणवला जेमतेम दीड टक्का! ट्रक जॉइंटवरून (गाळ्याच्या टोकाच्या सांध्यावरून) उडी घेतो तेव्हाची थरथर याहून सहज मोठी असते. आणि आपल्याकडे २०१८ पासून टँडेमची (जवळजवळच्या दोन एक्सलच्या जोडीची) मर्यादा २१ टन आहे, म्हणजे हे उदाहरण कागदी नाही.

‘अचूक वजन.’ चालत्या वाहनाचं वजन किती अचूक येतं हे ठरवणाऱ्या युरोपच्या कॉस्ट ३२३ वर्गवारीत बी(१०) हा चांगला वर्ग समजतात. त्यात एकूण वजनाला ±१० टक्के, सुट्या एक्सलला ±१५ आणि गटातल्या एक्सलला ±२० टक्के चूक चालते. तीन एक्सलच्या २८.५ टनी ट्रकला ±१० टक्के म्हणजे २.८५ टन. एवढी चूक चालत असताना कुणाला दंड ठोठावणं हा सरळ अन्याय आहे.

‘एकदा बसवलं की झालं.’ आधी स्थिर काट्यावर तोललेला ट्रक प्रत्येक लेनमधून, वेगवेगळ्या वेगाने, निदान दहा वेळा न्यावा लागतो. त्यातून त्या पुलाची प्रभावरेषा मिळते, म्हणजे एक टन भार या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला तर गेज कुठे किती वाचेल त्याचा आलेख. जॉइंट खचला, बेअरिंग (गाळा ज्यावर टेकतो तो भाग) जाम झालं किंवा डांबराचा नवा थर पडला, की हे सगळं पुन्हा करायचं. उन्हाने गेजचं शून्य सरकतं, म्हणून ते प्रत्येक वाहनाआधी नव्याने घ्यावं लागतं.

‘कुठलाही पूल चालतो.’ लांब गाळ्यावर एका वेळी चार-पाच वाहनं चढतात आणि त्यांचे आलेख एकमेकांत मिसळतात. ८ ते २० मीटरचा गाळा, अलीकडचा रस्ता सपाट आणि ट्रक थांबत-सरकत नाहीत अशी जागा बघावी.

काटे बंद करायचे नाहीत. पुलाने संशयित ट्रक हेरायचा, पुढच्या काट्यावर तो थांबवून तोलायचा आणि दंड त्या काट्याच्या आकड्यावर लावायचा.